पाणी कितीला उकळतं

जऊळका (रेल्वे), ता. वाशीम, जि. अकोला
२२ सप्टेंबर १९७४

चि. अंजना,
सप्रेम जयभीम.

अक्षर ओळखून पाकीट तसंच ठेवून देऊ नकोस. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितो आहे, म्हणजे बाबाने काहीतरी काम काढलं असणार, असा संशय तुला येईल. तो बरोबर आहे.

काम असं आहे. ज्या आकड्यावरून तू आठवीत असताना घर सोडून अकोल्याला मामाकडे गेलीस, तोच आकडा गेल्या मंगळवारी आपल्या शाळेत पुन्हा निघाला. वर्ग आठवीचाच. सरही बबनरावच. या वेळी लिहिणारी पोरगी हेमला, तांड्यावरच्या रामसिंगची. पाणी कितीला उकळतं, तर तिने वहीत लिहिलं अठ्ठ्याण्णव. बाकी सदतीस पोरांनी शंभर लिहिलं.

मुळापासून सांगतो, नाहीतर म्हणशील की बाबा नेहमीसारखं अर्धंच सांगतो. विद्यापीठाने खेड्यांतल्या सहा शाळा निवडल्या आहेत, गणित आणि विज्ञान सुधारायला म्हणून. दर महिन्याला प्राध्यापक चांदूरकर पॅसेंजरने येतात. खांद्याला झोळी, पायात टायरच्या चपला. दोन दिवस राहून शिक्षकांसोबत बसतात, पोरांसोबत तर जमिनीवर बसतात. हार घालून घेत नाहीत, भाषण करत नाहीत, जेवण मिळेल ते जेवतात. एवढा शिकलेला माणूस काहीच मागत नाही म्हटल्यावर मी सावध झालो. त्यांनी एक लाकडी पेटी दिली आहे. तिच्यात काचेची भांडी, दोन थर्मामीटर, भिंगं, वजनकाटा. झाकणाला आतून कागद चिकटवला आहे, "जे दिसेल ते लिहा."

बबनराव सरांनी पेटी कपाटात घालून कुलूप लावलं. फुटलं तर जबाबदार कोण, असं त्यांचं म्हणणं. सरांचा प्रयोग कसा असतो हे तुला सांगायला नको. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, चारही गोष्टी आदल्या दिवशी फळ्यावरून वहीत उतरवायच्या. दुसऱ्या दिवशी टेबलावर स्टोव्ह पेटवायचा आणि पोरांनी चार हात लांबून पाहायचं. पण त्या दिवशी चांदूरकर हजर होते. त्यांनी कुलूप काढायला लावलं, पोरांचे गट केले आणि थर्मामीटर पोरांच्या हातात दिला. हेमलाच्या गटात वाचायचं काम तिच्याकडे आलं. चांदूरकर गेले आणि दुसऱ्या दिवशी सरांनी वह्या तपासल्या. हेमलाच्या अठ्ठ्याण्णववर लाल काट. ती म्हणाली, "सर, मले दिसलं ते मी लिवलं." सरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. दुरुस्त कर, मगच आत ये.

आता यात माझा काय संबंध, तर शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष अजून मीच आहे. फेब्रुवारीत विद्यापीठाची आणि शिक्षण खात्याची समिती येणार आहे. सहांतल्या दोन शाळा ठेवणार. त्यांना प्रयोगशाळेची खोली आणि विज्ञानाचा एक जास्तीचा शिक्षक मिळणार. नव्या पद्धतीत दहावीला गणित-विज्ञान सगळ्यांनाच सक्तीचं आहे, आणि प्रयोगशाळा नसेल तर दहावीची परवानगी नाही. आज आपली शाळा नववीला थांबते. पुढे पोरं बसने मालेगावला जातात. पोरी कुठेच जात नाहीत.

म्हणून दोन प्रश्न. पहिला, विद्यापीठात आपल्या शाळेचं नाव कोणी घातलं? तू नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहेस, तिथून मोठमोठ्या माणसांची बोलणी जातात. तू नाहीस ना? दुसरा, तेव्हा तुला खरंच अठ्ठ्याण्णव दिसलं होतं, का सरांवर राग होता म्हणून लिहिलंस? खरं सांग. मी रागावणार नाही.

तुझी आई बरी आहे. हे पत्र लिहिल्याचं तिला सांगितलेलं नाही.

जगदेव


२० ऑक्टोबर १९७४

चि. अंजना,
जयभीम.

उत्तर नाही. आधी वाटलं, पाकीट पोचलं नसेल. मग परवा आईला तुझं पत्र आलं, तेव्हा कळलं की टपाल व्यवस्थित चालू आहे. नेहमीप्रमाणे मीच वाचून दाखवलं. अकरा वर्षं मी तुझी पत्रं मोठ्याने वाचतो आहे. पहिली ओळ "प्रिय आईस", शेवटची ओळ "तुझी अंजना", आणि मधे सगळ्या गावाची विचारपूस. म्हशीचीसुद्धा. माझं नाव येत नाही. तुझी आई ऐकत असते आणि माझ्या तोंडाकडे पाहत असते.

ते असो. तू सांगत नाहीस म्हणून मी स्वतः शोधायला लागलो. कपाटातला एक थर्मामीटर सरांना न सांगता आपल्या इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आणला. माझा पहिला संशय असा की विद्यापीठाने खेड्यातल्या शाळेला फेकायचा माल दिला. स्टोव्हवर पाणी ठेवलं. तुला माहीत आहे, तेलाचं इंजिन चालू असलं की मी नुसत्या आवाजावरून सांगतो कुठे काय ढिलं आहे. पाण्याचंही तसंच. आधी भांड्याच्या बुडाशी चरचर, मग दाणे भाजल्यासारखा आवाज, मग तो एकदम बसतो आणि मोठी गदगद सुरू होते. कान सांगत होते की पाणी उकळलं. काच सांगत होती साडेअठ्ठ्याण्णव. अर्धा तास उकळलं, पारा तिथून हलला नाही.

दुसरा थर्मामीटर आणला. तोच आकडा. दोन्ही एकाच कारखान्याचे असतील म्हणून कामाला अकोल्याला गेलेल्या माणसाकडून तिसरा मागवला. तोच. मग वाटलं पाण्यात खोट आहे. नळाचं, आपल्या विहिरीचं, स्टेशनच्या टाकीचं, तिन्ही पाणी पाहिलं. मग स्टोव्ह बदलून चुलीवर पाहिलं. तुझी आई म्हणाली, "इतकं पानी उकळून राह्यले, एखाद्या दिवशी चहा तरी टाका." मी हसलो नाही. मला दिसत होतं की मी कोणाला तरी चोर ठरवायला निघालो आहे आणि चोर सापडत नाही.

याच दिवसांत चांदूरकर आले होते. ते आणि बबनराव ऑफिसात बसले होते आणि मी टिनाच्या पडद्याच्या या बाजूला हजेरीपत्रक पाहत होतो. माझे कान किती तिखट आहेत हे त्यांना माहीत नाही. चांदूरकरांनी विचारलं, सदतीस वह्यांत बरोबर शंभर कसं? सर म्हणाले, पुस्तकात आहे म्हणून. चांदूरकर म्हणाले, आणि ती एक वही? सर म्हणाले, पोरगी अडेल आहे. चांदूरकर इतकंच म्हणाले, "ती वही सांभाळून ठेवा." कोणत्या पोरीच्या चुकीची वही कोणी सांभाळून ठेवायला सांगतं? या माणसाला काहीतरी माहीत आहे आणि तो सांगत नाही.

आता एक गोष्ट लिहितो. ती मी तुझ्या आईलाही कधी सांगितली नाही. तुला वाटत असेल की तेव्हा मी सरांवर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर नाही. तसं झालं नव्हतं. खरं काय याचा मी विचारच केला नाही. बासष्ट साली आपल्या लोकांनी टिनाच्या शेडमध्ये काढलेल्या शाळेत शिकवायला तयार झालेला बी.एस्सी. माणूस एकच होता. ज्या दिवशी बबनराव आपल्या घरी पाणी प्याले, त्या दिवशी त्यांच्या घरी काय झालं ते मी ऐकून आहे. तू सरांच्या टेबलाजवळ जाऊन काचेत वाकून पाहिलंस आणि अठ्ठ्याण्णव लिहिलंस, तेव्हा अनुदानाची तपासणी पंधरा दिवसांवर आली होती. सर म्हणाले, अध्यक्षाचीच पोरगी मला वर्गात खोटं पाडते, ती माफी मागत नसेल तर मी राजीनामा देतो. मी म्हणालो, मागेल.

तू प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेसमोर उभी राहून वाचलंस. "माझी चूक झाली. पाणी शंभरालाच उकळतं." आवाज जराही हलला नाही तुझा. तेव्हा मला बरं वाटलं होतं. तू नंतर विज्ञान सोडून दिलंस हे मामाकडून कळलं, तेव्हा मी म्हणालो, पोरीच्या जातीला काय करायचं आहे. हेही लिहून टाकतो.

जगदेव


८ डिसेंबर १९७४

चि. अंजना,

आईच्या पत्रात तुझी ओळ आली. "बाबांना सांग, मला काय दिसलं ते मी तेव्हाच सांगितलं होतं. आणि शाळेचं नाव मी कुठेही घातलेलं नाही." मी ती ओळ वाचली आणि पुढचं वाचायचं विसरलो. आई म्हणाली, "वाचा ना समोर." मग वाचलं.

आता माझं ऐक. गेल्या आठवड्यात इंजिनाचे सुटे भाग आणायला मी स्वतः अकोल्याला गेलो. थर्मामीटर रुमालात गुंडाळून खिशात. स्टेशनजवळच्या हॉटेलवाल्याला म्हटलं, तुझ्या चहाच्या आधणात ही काडी घालू दे. त्याला वाटलं मी भेसळ पकडणारा साहेब आहे, त्याने मला चहा फुकट पाजला. पारा नव्याण्णवाच्या पुढे गेला. काच तीच, माणूस तोच, फक्त गाव बदललं.

परतीच्या गाडीत डोकं चालेना. जऊळक्याला उतरलो आणि फलाटावरच्या पाटीखाली उभा राहिलो. तू लहानपणी ती पाटी मोठ्याने वाचायचीस. गावाचं नाव, आणि खाली समुद्रसपाटीपासून उंची. अकोल्याच्या पाटीवरचा आकडा मी सकाळीच पाहिला होता. आपला त्याच्यापेक्षा बराच मोठा आहे. आपण वर आहोत.

चांदूरकर आले तेव्हा मी त्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं आणि सरळ विचारलं, उंचीवर पाणी लवकर उकळतं का? ते म्हणाले, हो, वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं. आपल्याकडे साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपासच यायला पाहिजे. मी म्हटलं, "म्हणजे तुमाले पयल्या दिवसापासून मालूम होतं. आन् तुमी गप बसून राह्यले." ते म्हणाले, "मी सांगितलं असतं, तर तुम्ही तेही फळ्यावरून उतरवून घेतलं असतं. मला बघायचं होतं कोणी विचारतं का. सहा शाळांत फक्त तुम्ही विचारलंत." मी त्यांना चहा दिला, पण राग गेला नाही. पोरगी वर्गाबाहेर उभी राहिली तोवर माहीत असूनही गप्प बसायचं, ही कुठली विद्या? तसं बोललो. त्यांनी मान खाली घातली. ती शिक्षा त्यांना ठाऊक नव्हती म्हणे. मी विश्वास ठेवला, पण अर्धाच.

गंमत पुढे आहे. मी बबनराव सरांकडे गेलो, तर त्यांना हे सगळं पाठ होतं. उंचीवर उत्कलनबिंदू कमी होतो, हा धडा त्याच पुस्तकात पुढच्या पानावर आहे. सर दरवर्षी शिकवतात, हिमालयात डाळ शिजत नाही म्हणून. मी म्हटलं, मग जऊळका? ते म्हणाले, "जऊळका का हिमालय आहे?" सरांच्या लेखी उंची म्हणजे पहाड. आपण राहतो ती जमीन.

हेमला आता वर्गात बसते. वहीतला आकडा तिने बदललेला नाही, सरांनी काटही पुसलेली नाही.

तुझा बाबा


१६ फेब्रुवारी १९७५

चि. अंजना,
जयभीम.

चांगली बातमी. समिती मंगळवारी येऊन गेली. तिघे होते. विद्यापीठाचे एक मोठे प्राध्यापक, शिक्षण खात्याचे साहेब आणि चांदूरकर. पोरांनी लेझीम केलं, भिंतीला चुना मारला होता, पेटी पुसून टेबलावर मांडली होती. साहेबांनी वह्या चाळल्या. एवढ्या नीटनेटक्या वह्या आपण या भागात पाहिल्या नाहीत, असं भरसभेत म्हणाले. निघताना मोठ्या प्राध्यापकांनी माझ्या कानात सांगितलं की दोन शाळांत तुमची एक धरून चाला. पत्र महिन्याभरात येईल. आपल्या संस्थेचे दौलतराव तर खोलीसाठी जागा मोजूनही आले. तुझ्या आईने गोड भात केला.

तुला आनंद होईल म्हणून कळवलं. थंडी उतरली आहे. हरभरा सोंगायला आला आहे.

जगदेव

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. वह्या नीटनेटक्या होत्या कारण जानेवारीत सगळ्या नव्याने लिहून घेतल्या. सरांचं म्हणणं असं की खात्याचे साहेब वही पुस्तकाशी ताडून पाहतात, पाण्याशी नाही. सदतीस वह्यांत एक आणि अडतिसाव्या वहीत दुसरंच दिसलं तर साहेब त्या एकीबद्दल विचारतील, मग पंचाईत होईल. त्यांनी मला विचारलं. मला खरं माहीत होतं. चाळीस वेळा उकळून पाहिलं होतं. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

हेमलाने लिहून द्यायला नकार दिला. सरांनी तिचं पान फाडलं. त्या दिवसापासून ती शाळेत येत नाही. सभा संपल्यावर चांदूरकरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, अडतिसावी वही कुठे आहे? मी म्हटलं, पोरगी आजारी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक येऊन म्हणतं ना, इंजिन आपोआप बंद पडलं, मी काहीच केलं नाही, तेव्हा मी त्याच्याकडे पाहतो, तसं. मग झोळी उचलून गाडीला गेले.

आज बाजारात रामसिंग भेटला. त्याला टाळायला मी भांड्यांच्या दुकानात शिरलो, तो मागोमाग आला. भांडण्याच्या आवाजात नाही बोलला. म्हणाला, "अध्यक्षसाहेब, पोरगी मले पुसते, दिसलं ते लिवू का सांगतलं ते लिवू. मी अंगठाबहाद्दर. मी तिले काय सांगू?" सोमवारपासून तिला हरभरा सोंगायला नेतो म्हणाला. एकदा मजुरीला लागलेली पोरगी शाळेत परत येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

दुसऱ्यांदा तेच केलं मी, अंजना. त्या वेळी कळत नव्हतं असं म्हणायला तरी जागा होती.


२ मार्च १९७५

चि. अंजना,

तुझं आईला आलेलं पत्र वाचलं. या खेपेला माझ्याबद्दल काहीच नाही. ते मला पोचलं.

मी तांड्यावर गेलो. हेमला शेतात होती, बांधावर जाऊन उभा राहिलो. पोरगी उभी आहे काडीसारखी, डोळे मात्र असे की माणूस आपली बटणं लागली आहेत का ते पाहतो. मी म्हटलं, शाळेत ये, तुझं पान मी परत लावायला लावतो. तिने विळा खाली ठेवला नाही. विचारलं, "तुमी सोता पायलं का, किती होते ते?" मी म्हटलं, पाहिलं. साडेअठ्ठ्याण्णव. "मंग सरायले काहून नाही सांगतलं?" सांगितलं होतं, असं म्हणणार होतो. पण सरांना मी उंचीची गोष्ट सांगितली होती, वहीच्या वेळी तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, सगळ्यांच्या वहीत खरं लिहिलं तर येईन, माझ्या एकटीच्या नको. आणि पुन्हा कामाला लागली.

मी परत येऊन बबनराव सरांना निरोप पाठवला की वर्कशॉपमध्ये या, काम आहे. सर आले, धोतराचा सोगा धरून, तेलाचे डाग चुकवत. मी स्टोव्ह पेटवला. सर म्हणाले, हे मला काय दाखवता, मी बी.एस्सी. आहे. मी म्हटलं, दाखवत नाही सर, तुम्हीच पाहा. मी डोळे मिटून ऐकतो, आवाज बसला की सांगतो. तेव्हा तुम्ही वाचा.

आवाज बसला. मी सांगितलं. सरांनी चष्मा वर केला, खाली केला, वाकून नाक अगदी थर्मामीटरपर्यंत नेलं. बराच वेळ. मग ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "जगदेवराव, मी कधी पाह्यलंच नव्हतं."

मला आधी समजलं नाही. ते म्हणाले, बावीस वर्षं शिकवतो. कॉलेजात आमच्या सरांनी सांगितलं, आम्ही लिहिलं. ट्रेनिंगला सांगितलं, लिहिलं. वर्गात थर्मामीटर पाण्यात धरतो, पण नजर पोरांवर असते, कोण खोड्या करतं ते पाहायला. आकडा पाहायची गरजच पडली नाही. तो माहीत होता.

मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या पोरीलेही हेच दिसलं असंल." आजवर तुझ्याबद्दल ते माझ्याशी बोलले नव्हते. मी हो म्हटलं.

त्यांचं मन किती बदललं आणि किती नाही, याचा मला अजून भरवसा नाही. म्हणून तिथल्या तिथे विद्यापीठाला पत्र लिहायला बसलो. लिहिलं की दाखवलेल्या वह्या पुस्तकावरून लिहून घेतल्या होत्या, एका मुलीने खरं निरीक्षण लिहिलं, तिचं पान फाडलं, ती आजारी नव्हती. हे अध्यक्षाच्या संमतीने झालं. सरांनी पत्र घेतलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि माझ्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या. पुन्हा लिहायला लावलं. खाली मी सही करणार तर म्हणाले, "थांबा. संमती तुमची, पान मी फाडलं. पयली सही माझी."

पत्र रवाना केलं. दहावी गेली असं धरून चालतो आहे. तुझ्या आईला सांगितलं. जेवायला वाढताना तिने माझ्या ताटात न मागता एक भाकर जास्त वाढली.

बाबा


२० एप्रिल १९७५

चि. अंजना,
सप्रेम जयभीम.

यादी आली. आपलं नाव नाही. खाली एक ओळ आहे की आपल्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे, पुढील वर्षी विचार होईल. असली वाक्यं मी ओळखतो, पुढील वर्षी म्हणजे कधी ते त्यात लिहिलेलं नसतं. दहावी यंदा नाही.

गावात मोठी सभा झाली. दौलतराव म्हणाले की दीड डिग्रीसाठी अध्यक्षाने सगळ्या गावाच्या पोरांचं नुकसान केलं. काही खोटं बोलले नाहीत. बेबीताईची मुलगी यंदा नववी पास झाली, ती आता घरी बसणार. बेबीताई सभेत माझ्याकडे नुसती पाहत राहिली. मी अध्यक्षपद सोडलं. दौलतराव अध्यक्ष झाले. त्यांच्याकडून वर्कशॉपची कामं येत होती ती बंद झाली आहेत.

अडतीस पोरांनी पुन्हा प्रयोग केला. या खेपेला फळा कोरा होता. कोणाला अठ्ठ्याण्णव आलं, कोणाला साडेअठ्ठ्याण्णव, एकाला पंच्याण्णव, त्याचं पाणी उकळलंच नव्हतं. सर त्याला रागवायला गेले, मग थांबले आणि म्हणाले, लिही, तुला जे दिसलं ते लिही, आणि खाली लिही की घाई केली. हेमला त्या दिवसापासून येते आहे. वार्षिक परीक्षा दिली तिने. गणितात वर्गात दुसरी आली. पहिली का नाही, म्हणून माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, जसा काही पेपर मी तपासला.

चांदूरकर अजूनही येतात. आपली शाळा आता योजनेत नाही, तरी येतात. पेटीही परत नेली नाही. का येतात, यात त्यांचा काय फायदा, ते मला कळलेलं नाही. माझा तपास चालू आहे.

आता मुख्य. बबनराव सर जूनमध्ये निवृत्त होतात. काल घरी आले होते. तुझ्या आईने पाणी दिलं, चहा दिला. इकडचं तिकडचं बोलले, उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, अंजनाचा पत्ता देता का, मला तिला पत्र लिहायचं आहे. काय लिहिणार ते मी विचारलं नाही. पत्ता पाठ आहे मला, पण तोंडातून काढला नाही. मागे एकदा तुला न विचारता मी सरांना तुझ्या वतीने होकार दिला होता. म्हणून म्हटलं, पोरीला विचारतो, मग सांगतो. सर म्हणाले, बरोबर आहे, मी थांबतो.

तर सावकाश विचार करून कळव. हो म्हणालीस तर पत्ता देईन. नाही म्हणालीस तर सरांना तेही सांगेन. तू लिहिशील ते शब्द, तसेच्या तसे.

तुझा बाबा,
जगदेव